पडदा काळा पडतो तेव्हा

झाशी शहरातील नगरा ही रेल्वेच्या वसाहतींना लागून असलेली वस्ती. अशा वस्तीतील एक मराठी घर डोळ्यांपुढे आणावे. मे महिन्याची संध्याकाळ आहे. दिवसभर तापलेल्या भिंती अजून निवालेल्या नाहीत. आजींच्या वर्षश्राद्धासाठी ग्वाल्हेरहून आणि पुण्याहून नातलग जमले आहेत. आजींनी अखेरच्या दिवाळीत सांगितलेल्या आठवणी आणि म्हटलेल्या ओव्या नातवाने मोबाइलवर मुद्रित करून ठेवल्या होत्या. त्या रात्री जेवणे आटोपल्यावर सर्वांनी मिळून पाहावयाच्या, असा बेत आहे. इतक्यात वीज जाते. वीस मिनिटांनी ती परत येते आणि पंखे फिरू लागतात. परंतु टीव्हीखालची मुठीएवढी पेटी मात्र पूर्ववत होत नाही. पडद्यावर क्षणभर बोधचिन्ह उमटते आणि पडदा काळा पडतो. पुन्हा बोधचिन्ह, पुन्हा काळोख.

"काका, कार्ड पुसून सगळं नव्यानं बसवतो. दहा मिनिटांचं काम आहे," नातू म्हणतो.

"थांब जरा. आजीचं रेकॉर्डिंग नेमकं कुठं ठेवलंयस, ते आधी सांग," काका विचारतात.

नातवाजवळ या प्रश्नाचे उत्तर तयार नसते. पुष्कळ घरांत ते कोणाजवळच नसते. तथापि घरगुती मीडिया सेंटर बिघडले असता पहिला प्रश्न हाच विचारावयास हवा. यंत्र पुन्हा विकत मिळते, कार्यप्रणाली फुकट मिळते. आजींचा आवाज मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाही.

मीडिया सेंटर म्हणजे घरातील चित्रपट, गाणी, छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणे एका ठिकाणी साठवून ती टीव्हीच्या पडद्यावर रिमोटने पाहता येतील, अशी केलेली व्यवस्था. २००२ साली एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठी हौशी तज्ज्ञांनी चित्रे दाखविणारा एक कार्यक्रम लिहिला. त्यातूनच पुढे एक्सबीएमसी निर्माण झाला आणि २०१४ मध्ये त्याचे नाव 'कोडी' असे ठेवण्यात आले. २०१२ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमध्ये 'रास्पबेरी पाय' हा पत्त्यांच्या जोडाएवढा स्वस्त संगणक विक्रीस आला. त्या संगणकावर लिनक्सचा केवळ आवश्यक तेवढा भाग आणि कोडी बसवून देणाऱ्या कार्यप्रणाली तयार झाल्या. ओपनएलेक ही त्यांपैकी एक; २०१६ मध्ये तिच्यातून फुटून निघालेली लिब्रेएलेक आज अनेक घरांत आढळते. परप्रांतीच्या मराठी कुटुंबांना या पेटीचे विशेष अगत्य वाटावे, हे साहजिक आहे. जुनी नाटके, कीर्तने, लग्नमुंजींच्या चित्रफिती असा सारा ठेवा तिच्यात एकत्र नांदतो आणि घरातील मुलांच्या कानांवर मराठी पडत राहते.

ही व्यवस्था बाहेरून एकच वस्तू दिसत असली, तरी आतून तिचे पाच थर आहेत. सर्वांत खाली वीज, तिच्यावर यंत्र आणि त्यातील मेमरी कार्ड, त्यावर कार्यप्रणाली, त्यावर कोडी हा कार्यक्रम, आणि या सर्वांच्या आधाराने राहणारे घराचे भांडार. खालचा थर डळमळला की वरचे सर्व डळमळतात. म्हणून तपासणी खालून वर करावयाची. वैद्य नाडी पाहिल्यावाचून मात्रा देत नाही. दुरुस्ती करणाऱ्यानेही एका वेळी एकच गोष्ट बदलावी, परिणाम पाहावा, तो टिपून ठेवावा आणि मगच दुसरीला हात घालावा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र सुरू झाले, तर ते कशाने सुरू झाले हे कळत नाही आणि तोच दोष पुन्हा उद्भवला म्हणजे सारी धडपड पहिल्यापासून करावी लागते.

आरंभ विजेपासून. रास्पबेरी पायला ५ व्होल्टचा प्रवाह लागतो. तिसऱ्या पिढीच्या यंत्रासाठी अडीच अँपिअरचा आणि चौथ्या पिढीसाठी तीन अँपिअरचा अडॅप्टर सांगितलेला आहे. दाब ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की पडद्याच्या कोपऱ्यात विजेच्या कडाडीचे लहानसे पिवळे चिन्ह दिसते. अनेकजण ते शोभेचे समजून दुर्लक्षितात. वास्तविक ती यंत्राची तक्रार असते. मूळ अडॅप्टर हरवला म्हणून मोबाइलचा चार्जर लावणे, हे तिचे सर्वांत सामान्य कारण. चार्जरवर लिहिलेला आकडा पुरेसा असला तरी लांब आणि बारीक तारेची केबल वाटेतच दाब खाते. त्यातच यूएसबीला फिरत्या चकतीची हार्ड डिस्क जोडलेली असली, तर चकती गती घेताना जास्त प्रवाह ओढते, दाब कोसळतो आणि यंत्र पुन्हा मुळापासून सुरू होते. अशा डिस्कला स्वतंत्र वीज देणारा हब घ्यावा.

विजेइतकाच उष्णतेचाही विचार करावा लागतो. यंत्राचा मुख्य भाग ८० अंश सेल्सिअसला पोहोचला की तो स्वतःचा वेग उतरवू लागतो आणि चित्र अडखळते. झाशीच्या उन्हाळ्यात खोलीची हवाच चाळीस अंशांच्या पलीकडे जाते; त्यामुळे टीव्हीच्या मागे, बंद कपाटात ठेवलेल्या पेटीला ही मर्यादा गाठावयास फार वेळ लागत नाही. पेटी मोकळ्या जागी ठेवणे, छिद्रांतील धूळ झाडणे आणि धातूचा उष्णताशोषक चिकटविणे, एवढ्याने बहुतेक वेळा काम भागते. हिवाळ्यात उत्तम चालणारे यंत्र उन्हाळ्यात दुपारी अडखळते आणि रात्री सुधारते, असे दिसल्यास कार्यप्रणालीला दोष देण्यापूर्वी तापमान पाहावे.

वीज ठीक असूनही यंत्र उठत नसेल, तर मेमरी कार्डाकडे वळावे. पेटीवरील हिरवा दिवा येथे उपयोगी पडतो. तो चार वेळा लुकलुकून थांबत असेल, तर यंत्राला आरंभीची आज्ञावली सापडलेली नाही. सात वेळा लुकलुकत असेल, तर कार्यप्रणालीचा गाभा सापडलेला नाही. पडद्यावर इंद्रधनुष्यी रंगांचा चौकोन येऊन तेथेच थांबला, तरी त्याचा अर्थ बहुधा हाच की गाभ्याची फाइल नाही किंवा खराब झाली आहे. वीज अचानक गेली त्या क्षणी कार्डावर लेखन चालू असेल, तर असा बिघाड संभवतो. याउलट दिवे नीट लुकलुकत आहेत आणि पडदा मात्र पूर्ण काळा आहे, अशा वेळी टीव्ही आधी सुरू करून मग पेटी सुरू करावी, एचडीएमआय केबल बदलून पाहावी आणि चौथ्या पिढीच्या यंत्रात वीजतारेलगतच्या एचडीएमआय खाचेतच ती लावली आहे याची खात्री करावी. पेटी चालू असूनही टीव्ही तिला ओळखत नाही, असे पुष्कळदा घडते.

कार्डाची रचना समजून घेतली म्हणजे काकांच्या प्रश्नाचे मर्म ध्यानी येते. लिब्रेएलेकच्या कार्डाचे दोन विभाग असतात. पहिल्यात कार्यप्रणाली असते. ती एका बंद गाठोड्याच्या स्वरूपात ठेवलेली असून यंत्र तिचे केवळ वाचन करते, तिच्यावर लिहीत नाही. म्हणून ती सहसा बिघडत नाही. दुसऱ्या विभागात कोडीच्या नोंदी आणि घराने साठविलेल्या वस्तू असतात. संगणकावरून घरच्या जाळ्यामार्फत पेटीतील 'व्हिडिओज' या फोल्डरमध्ये काही टाकले, तर ते या दुसऱ्या विभागात जाते. बाहेर जोडलेल्या हार्ड डिस्कवर जात नाही. आता "कार्ड पुसून नव्यानं बसवतो" याचा अर्थ पाहावा. नवी प्रतिमा कार्डावर उतरविली की दोन्ही विभाग जातात आणि कार्यप्रणालीबरोबर आजींच्या ओव्याही जातात.

आणखी एक धोका सांगावयास हवा. हे कार्ड विंडोज असलेल्या संगणकात घातले, तर दुसऱ्या विभागाची मांडणी विंडोजला वाचता येत नाही आणि 'हा विभाग वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा' अशी सूचना येते. ती मान्य करणे म्हणजे आपल्या हाताने भांडार रिकामे करणे होय. सूचना नाकारावी, प्रथम संपूर्ण कार्डाची जशीच्या तशी प्रतिमा संगणकावर उतरवून घ्यावी, किंवा लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात कार्ड उघडून आतील वस्तू बाहेर काढाव्यात. त्यानंतरच दुरुस्ती करावी. कार्यप्रणालीच खराब झाली असेल, तर पहिल्या विभागातील फायली तेवढ्या बदलूनही ती पुष्कळदा पूर्ववत होते. दुसऱ्या विभागाला स्पर्श करण्याचे कारणच पडत नाही.

कार्यप्रणाली उठते पण कोडी कोसळतो, असा प्रकार असेल, तर तर्क करीत बसण्याऐवजी यंत्राची रोजनिशी वाचावी. कोडी आपल्या प्रत्येक कृतीची नोंद एका फाइलीत करतो. तिला 'लॉग' म्हणतात. मागील खेपेची नोंद निराळी राखलेली असते, म्हणून यंत्र पुन्हा सुरू केल्यावरही कोसळण्यापूर्वीचे अखेरचे शब्द वाचता येतात. तेथे बहुधा एखाद्या जोडकार्यक्रमाचे, म्हणजे अॅड-ऑनचे, नाव आढळते. २०२१ च्या फेब्रुवारीत आलेल्या कोडीच्या एकोणिसाव्या आवृत्तीत जोडकार्यक्रमांची भाषा पायथनच्या दुसऱ्या पिढीवरून तिसऱ्या पिढीवर गेली. त्याबरोबर अनेक जुने जोडकार्यक्रम एकाएकी बंद पडले. यंत्र तेच, कार्ड तेच, परंतु आवृत्ती बदलताच घरचा आवडता रेडिओ नाहीसा झाला, असा अनुभव पुष्कळांना आला. यास्तव आवृत्ती बदलण्यापूर्वी आपल्या जोडकार्यक्रमांची तिसऱ्या पिढीतील रूपे उपलब्ध आहेत की नाहीत, ते पाहून घेणे शहाणपणाचे ठरते. कोडी लागोपाठ कोसळू लागला, तर लिब्रेएलेक त्याचे जुने फोल्डर बाजूला सारून सुरक्षित अवस्थेत नवा कोडी सुरू करते. त्या वेळी पडदा अनोळखी आणि रिकामा दिसतो. परंतु जुन्या नोंदी नष्ट झालेल्या नसतात, बाजूस ठेवलेल्या असतात. रिकाम्या पडद्याने घाबरून जाण्याचे कारण नाही.

यानंतर जाळ्याचे दोष. वीज परत आल्यावर पेटी अर्ध्या मिनिटात उठते, राउटरला मात्र अधिक वेळ लागतो. पाचव्या पिढीपूर्वीच्या रास्पबेरी पायमध्ये सेलवर चालणारे घड्याळ नाही. वेळ काय झाली हे ते जाळ्यावरूनच जाणून घेते. जाळे मिळाले नाही की पेटी जुन्याच तारखेत वावरू लागते. सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे ठराविक मुदतीची असल्यामुळे चुकलेल्या तारखेच्या पेटीला ती अवैध वाटतात आणि जालावरील सर्व कार्यक्रम बंद दिसतात. कोडी सुरू करण्यापूर्वी जाळ्याची वाट पाहावी, अशी सोय लिब्रेएलेकच्या सेटिंगमध्ये आहे. ती चालू केली की वीज जाण्यायेण्याच्या वस्तीतील ही तक्रार मिटते. घरातील विंडोज संगणकावरची गाणी अचानक दिसेनाशी झाली असतील, तर कारण निराळे असू शकते. फायली वाटून घेण्याची एसएमबी नावाची जी रीत आहे, तिची पहिली आवृत्ती असुरक्षित ठरल्याने विंडोजने २०१७ पासून ती आपणहून चालू ठेवण्याचे सोडले. अशा वेळी पेटीत नवी आवृत्ती निवडावी. असुरक्षित दार पुन्हा उघडणे हा त्यावरील उपाय नव्हे.

चित्र चालते, पण अडखळते, अशीही तक्रार असते. येथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. पहिली म्हणजे चित्राची घडी. अलीकडचे अनेक मोबाइल चित्रीकरण एचईव्हीसी पद्धतीने घडी करून साठवितात. तिसऱ्या पिढीच्या यंत्रात ही घडी उलगडणारे खास साधन नाही, २०१९ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीत आहे. म्हणून जुना चित्रपट सुरळीत चालतो आणि परवाच्या मुंजीची चित्रफीत मात्र गचके खाते. ती जुन्या एच.२६४ पद्धतीत रूपांतरित केली की दोष जातो. मात्र मूळ फाइल जपून ठेवावी. दुसरी गोष्ट चित्रांच्या गतीची. चित्रपट सेकंदाला २४ चित्रे दाखवितो, आपल्याकडील दूरचित्रवाणीची मुद्रणे २५ दाखवितात आणि पडदा बहुधा ६० च्या लयीवर लावलेला असतो. हे हिशेब जुळत नाहीत आणि सावकाश सरकणारे दृश्य किंचित हिसके देते. चित्राप्रमाणे पडद्याची लय बदलण्याची सोय कोडीत आहे. ती चालू करावी.

मराठी प्रेक्षकाला आणखी एक अडचण भेडसावते. उपशीर्षकांच्या जागी चौकोन दिसले, तर निवडलेल्या टंकात देवनागरी अक्षरे नाहीत असे समजावे आणि देवनागरी असलेला टंक निवडावा. चौकोनांऐवजी इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन गुंता दिसला, तर ती फाइल युनिकोडपूर्व काळातील टंकासाठी लिहिलेली असते. त्या टंकांत इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी वळणे बसविलेली असत. येथे टंक बदलून भागत नाही. फाइलच युनिकोडमध्ये रूपांतरित करावी लागते.

आता पुन्हा नगऱ्यातील त्या घराकडे वळावे. तेथे पुतण्या आणि काका मिळून खालच्या थरापासून तपासणी करतात. पडदा उजळतो त्या क्षणी कोपऱ्यात पिवळे चिन्ह चमकून जाते. "हे चिन्ह कधीपासून येतंय रे?" या प्रश्नाला उत्तर मिळते, "महिना झाला असेल. जुना अडॅप्टर तुटला, तेव्हापासून मोबाइलचा चार्जर लावलाय." हार्ड डिस्क काढून ठेवताच पेटी नीट उठते. चित्रपटांची नावे दिसतात पण ते चालत नाहीत, हे ठीकच; कारण नावे कार्डावर आणि चित्रपट डिस्कवर असतात. आजींचे मुद्रण मात्र लगेच चालते. याचा अर्थ उघड आहे. ते हार्ड डिस्कवर नव्हते, कार्डावर होते. आणि दहा मिनिटांच्या कामात ते कायमचे नाहीसे झाले असते. दुसऱ्या दिवशी योग्य अडॅप्टर येतो, डिस्क पुन्हा जोडली जाते आणि पेटी पहिल्यासारखी चालू लागते. कार्यप्रणालीत दोष नव्हताच.

परंतु त्या रात्री ओव्या ऐकण्यापूर्वी काका आणखी एक काम करवून घेतात. मुद्रणाची एक प्रत घरच्या संगणकावर उतरते आणि एक पेनड्राइव्हवर ग्वाल्हेरच्या आत्याबाईंच्या हाती जाते. तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक तरी दुसऱ्या घरी असावी, हा जाणकारांचा दंडक आहे. झाशीच्या माणसाला तो परक्याकडून शिकण्याची गरज नाही. १८५८ च्या एप्रिलमध्ये इंग्रजी फौज शहरात शिरली, तेव्हा येथे असलेल्या विष्णुभट गोडसे यांनी 'माझा प्रवास' या आपल्या वृत्तांतात राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाच्या नाशाची हकीकत लिहून ठेवली आहे. नेवाळकरांनी जमविलेल्या त्या संग्रहातील पोथ्या बाहेरगावचे विद्वान नकलून नेत असत. संग्रह बुडाला, ज्या पोथीची नक्कल कोणी नेली होती, तिलाच मागे उरण्याची संधी होती. खुद्द गोडसे यांचा वृत्तांतही हस्तलिखिताच्या रूपाने चिंतामणराव वैद्यांच्या हाती गेला आणि १९०७ साली छापला गेला, म्हणूनच आज ही हकीकत सांगता येते.

काकांचा प्रश्न म्हणूनच प्रत्येक घराने वीज असताना, पेटी उत्तम चालत असताना विचारून ठेवावा: आपल्या माणसांचे आवाज नेमके कोठे ठेवले आहेत आणि त्यांची दुसरी प्रत कोणाच्या घरी आहे?